छायाची गिरणी आणि तिसरी तार

वादळ होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी छाया पिंगळेने गिरणीच्या दारावर खडूने लिहिलं, ‘लाइट नाही. विचारू नये.’ तासाभरात त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं, ‘मग कधी येणार?’

छायाने कपाळावर हात मारला. पुसायला फडका उचलला आणि परत खुंटीला लावला. पुसलं काय, न पुसलं काय, विचारणारे विचारणारच. या गल्लीतली माणसं लिहिलेलं वाचतात ती उत्तर द्यायला, ऐकायला नव्हे.

मखमलाबाद रोडच्या आतल्या अंगाला, पाटाच्या अलीकडे ही गल्ली आहे. एका बाजूला मळेकऱ्यांची जुनी बैठी घरं. भाजीपाला, शेवंती, गुलाब पिकवून पहाटे बाजारात नेणारी ही माणसं. समोरच्या बाजूला नव्वदनंतर उठलेल्या तीन मजली इमारती. तिथे बँकेतले, शाळेतले, कचेरीतले लोक आणि दोन-चार भिक्षुकांची घरं. या दोन बाजूंचं एकमेकांशी फारसं जाणं-येणं नव्हतं. पण दोन्हीकडचे डबे एकाच ठिकाणी शेजारी शेजारी बसायचे, ते छायाच्या गिरणीत. गायधनी काकूंचा पितळी डबा आणि भागुबाईंचं तेलाचं पत्र्याचं पिंप, मधे बोटभरही अंतर नाही.

छाया एक्क्याण्णव साली दिंडोरीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आली. दहावी पास. गिरणी सासऱ्यांची. नवरा खंडेराव पिठातच लहानाचा मोठा झालेला, पण पिठाशी त्याचं जन्माचं वैर. दारात पाऊल टाकलं की सात-आठ शिंका ठरलेल्या. त्याने टेम्पो घेतला आणि पिंपळगावच्या कांद्या-द्राक्षांच्या मागे लागला. गिरणी सुनेच्या गळ्यात पडली. सासऱ्यांनी तिला सगळं शिकवलं. झिजलेल्या दगडांना टाकी लावून धार कधी काढायची, पट्टा कितपत ताणायचा, कोणतं धान्य कशाच्या मागे घालायचं. सकाळी गहू, मग ज्वारी-बाजरी, दुपारून हरभऱ्याची डाळ. भाजणी सगळ्यांत शेवटी, कारण तिच्यातल्या धण्या-जिऱ्याचा वास दगडात बसतो आणि मागून येणाऱ्या गव्हाच्या पोळीला लागतो. या क्रमावरून गल्लीत जेवढी भांडणं झाली तेवढी पाण्यावरूनही झाली नसतील.

आणि एक गोष्ट सासऱ्यांनी सांगून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकवली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात लाइट जाऊन आली. घरातला बल्ब लागलेला पाहून त्यांनी गिरणीची कळ दाबली. घरातल्या बल्बला एक तार पुरते, गिरणीच्या मोटरीला तीन फेजच्या तीन तारा लागतात. त्यातली एक मेलेली होती. मोटर घरघरली, जागच्या जागी तापली आणि दोन मिनिटांत काळा धूर ओकून गप्प झाली. आतली तार पुन्हा गुंडाळून यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत गेलेली गिऱ्हाइकं परत यायला वर्ष लागलं. सासऱ्यांनी मग एका फळीवर तीन बल्ब बसवले. प्रत्येक फेजला एक. एकाला लाल कागद, एकाला पिवळा, एकाला निळा.

“तिन्ही पेटले तरच हात लावायचा,” ते म्हणाले. “नाहीतर साक्षात देव डबा घेऊन आला तरी नाय म्हणायचं.”

सासरे गेले त्याला आता सहा वर्षं झाली होती. देव काही डबा घेऊन आला नव्हता. बाकी सगळे आले.

नोव्हेंबर दोन हजार नऊ. दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले, थंडीचे दिवस, आणि आभाळ मात्र आषाढातल्यासारखं. समुद्रात फयान नावाचं वादळ उठलंय असं टीव्हीवर सांगत होते. गल्लीत सगळे हसले. समुद्र कुठे, नाशिक कुठे! बुधवारी दुपारनंतर वारा सुटला तेव्हा कोणी हसेना. आडवा पाऊस, त्यात पत्र्यांचा खडखडाट, आणि पाचच्या सुमारास कोपऱ्यावरची जुनी निलगिरी कडाडून विजेच्या तारांवर पडली. लाइट गेली. गिरणीवरचे दोन पत्रे उडून पाटाच्या कडेला जाऊन पडले.

छाया तेव्हा एकटी होती. आत त्रेचाळीस डबे आणि एक मोटर. तिने आधी मोटर झाकली. घरातल्या दोन गोधड्या, त्यावर गोणपाट, त्यावर टेम्पोची ताडपत्री, चारी बाजूंनी दोरीने आवळून. मग एकेक डबा ओढून कोरड्या कोपऱ्यात नेला. शेवटच्या चार डब्यांची झाकणं उडाली आणि आतला गहू भिजला. तो तिने घरी चादरीवर पसरला. तरी दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळालंच, “गोधडी मोटरीला, आणि पावसात आमचा गहू!”

तिला काय सांगायचं होतं ते तिने कोणाला सांगितलं नाही. खंडेराव गेली दोन वर्षं एकच टुमणं लावून होता. लोक आता पिशवीतलं तयार पीठ घेतात, गिरणीचे दिवस गेले, गाळा भाड्याने देऊ. सत्त्याण्णवची मोटर त्याने पाहिली होती. मागच्या दिवाळीत तो स्पष्टच बोलला, “ह्या वेळी मोटर जळाली ना छाया, तर मी नाय उचलून न्यायचो. तिथंच मिटवायचं.” तेव्हापासून ती दिवसातून चार वेळा मोटरीच्या अंगावर उलटा हात ठेवून बघायची, लेकराचा ताप बघावा तशी.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. खंडेराव पिंपळगावला अडकला होता. तिकडे बागाच्या बागा आडव्या झालेल्या, मजूर मिळेना, रस्ते चिखलाने भरलेले. त्याचा एकदा फोन आला, “इकडं बघवत नाय गं,” एवढं म्हणाला आणि छायाच्या मोबाईलची बॅटरी मेली. आसपासच्या पाच-सहा गल्ल्यांत अंधार होता. किराणा दुकानातलं तयार पीठ पहिल्या दिवशीच संपलं, पाव दुसऱ्या दिवशी. एक गृहस्थ स्कूटरवर डबा बांधून सातपूरपर्यंत गेले, तीन तास रांगेत उभे राहिले आणि कोणाचं तरी नाचणीचं पीठ घेऊन आले. त्यांचा गहू कोणी खाल्ला देव जाणे.

मळेकऱ्यांकडे हाल जास्त. त्यांची भाकरी बाजरीची, आणि बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू पडतं, म्हणून कोणी जास्त दळून ठेवत नाही. भागुबाई रोज सकाळी यायची. साठीची बाई, फुलं विकणारी. तिची शेवंती अख्खी चिखलात लोळली होती. ती त्याबद्दल चकार शब्द बोलायची नाही. पिंपावर टेकायची आणि म्हणायची, “छाया, भात खाऊन खाऊन पोटात नुसतं पाणी डुचमळतंय बघ. घरात माणसं भाकरीवाचून कावल्यात.”

“मावशी, मी काय करू? मी वीज दळू का?”

“तुला कोण बोलतंय बाई. मी आपली बसायला येते.”

गायधनी काकू बसायला यायच्या नाहीत. त्या उभ्यानेच बोलायच्या. श्यामला गायधनी, निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीला अजूनही पाचवीचा वर्ग समजणाऱ्या. त्यांचा मुलगा मयुरेश रविवारी रात्री अमेरिकेला निघणार होता.

“छाया, भाजणी भाजून ठेवलीय हं. लाडवांसाठी डाळही भाजलीय. लाइट आली की पहिला नंबर माझा.”

“काकू, भाजणी पहिली कशी घालू? मागच्या सगळ्यांच्या पोळीला वास यील.”

“येऊ दे की एक दिवस. त्याला तिकडे काय मिळतं गं? आणि हे लोक तर इथेच आहेत.”

‘हे लोक’ म्हणताना त्यांनी भागुबाईकडे बघितलंसुद्धा नाही. भागुबाईने मात्र त्यांच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि पदर सावरला.

शनिवारी दुपारी ओरडा झाला, “आली! आली!” इमारतींमधून टीव्हीचे आवाज सुरू झाले, पाण्याच्या मोटरी सुरू झाल्या, आणि गिरणीच्या दारात वीस माणसं वीस डबे घेऊन उभी. छाया घाईघाईने फळीपाशी गेली. लाल पेटला होता. पिवळा पेटला होता. निळा ठार काळा.

तिने बल्ब काढून फिरवून लावला. दुसरा लावून बघितला. निळा काळाच. बाहेर येऊन बघितलं तर मळेकऱ्यांच्या बाजूची एक ओळ, भागुबाईच्या घरासकट तेरा घरं, तशीच अंधारात.

“एक फेज आलेली नाय,” छायाने दारात येऊन सांगितलं. “गिरणी चालायची नाय.”

“नाही म्हणजे? आमच्याकडे टीव्ही लागलाय!” गायधनी काकू म्हणाल्या.

“तुमच्या टीव्हीला एक तार पुरते काकू. माझ्या मोटरीला तीन लागतात. कोपऱ्यावरचं झाड अजून तिसऱ्या तारेवर पडलेलं हाय. ती तुटलीय.”

“दोन तर आहेत ना? हळूहळू दळ.”

छायाने डोळे मिटले आणि उघडले. हळूहळू दळ! जणू ती मोटर म्हणजे दमलेली सून.

एवढ्यात नाथा पुढे आला. नाथा अंबडच्या एका कारखान्यात भांडारात कामाला होता. पण शर्टाच्या खिशाला टेस्टर लावून हिंडायचा, त्यामुळे गल्लीत कोणाचाही दिवा गेला की नाथालाच हाक. त्याने दुरुस्त केलेल्या वस्तू पुढे दुरुस्तीवाल्याकडे जायच्या, पण ते कोणी लक्षात ठेवत नसे.

“वहिनी, दोन फेजवर मोटर चालते. आमच्या कंपनीत आम्ही कितीदा चालवतो.”

“चालत आसंल. आणि मग जळते कधी?”

पोरीबाळी खिदळल्या. नाथाचा चेहरा पडला.

“तुम्हाला भ्या वाटतंय, दुसरं काय.”

“वाटतंय. हातात टेस्टर घेतला म्हणून भ्या जात नसतं नाथाभाऊ. त्यापेक्षा असं करा, चार माणसं घ्या आणि कोपऱ्यावरचं झाड बाजूला ओढा. सावळीराम येऊन तार जोडील.”

सावळीराम म्हणजे या भागाचा वायरमन. छायाने हे वाक्य म्हटलं आणि गर्दी विरघळायला लागली. कोणाला टाकी भरायची होती. कोणाला तीन दिवसांचे कपडे धुवायचे होते. कोणाची पाठ धरली होती. ज्यांच्याकडे लाइट आली त्यांच्या लेखी वादळ संपलं होतं. डबे मात्र सगळ्यांनी तिथेच ठेवले. ‘आली की दळ’ म्हणून.

छाया स्वतः सावळीरामला शोधायला निघाली. हिरावाडीत तिसऱ्या गल्लीत एका खांबावर सापडला. तीन दिवस तोच शर्ट, डोळे लाल, आवाज बसलेला. खाली एकच माणूस शिडी धरून.

“ताई, मी तार जोडतो, पण झाड कोण उचलणार?” तो वरूनच म्हणाला. “आम्ही दोघं, आणि तक्रारी शंभराच्या वर. तुमच्या गल्लीतनं सहा माणसं आणि एक करवत काढा. माणसं उभी करा, मी लगेच येतो. वचन!”

छाया परत आली. दहा दारं ठोठावली. दहा दारांतून टीव्हीचा उजेड बाहेर आला आणि दहा कारणं. मळेकऱ्यांकडचे पुरुष चिखलात आडवं पडलेलं पीक उभं करायला गेलेले, ते अंधार पडल्यावर येणार. गायधनींच्या दारात काकू म्हणाल्या, “मयुरेश बॅगा भरतोय गं. आणि ते काम वीज कार्यालयाचं नाही का? आपण बिल कशाला भरतो?”

ती तशीच मागे वळली. काही बोलली असती तर वाईट बोलली असती. ती गिरणीत येऊन डब्यांच्या मधे बसली. एकूण एकसष्ट डबे. चार दिवसांची भूक रांग लावून बसलेली, आणि कोणी शंभर पावलं चालून झाड ओढायला तयार नाही.

साडेसहाच्या सुमारास दिवेलागणीला ती उठली आणि दारातूनच तिला दिसलं. भागुबाईच्या ओसरीवरचा बल्ब पेटला होता. ओळीतली तेराच्या तेरा घरं उजळली होती. भागुबाईच्या सुना बाहेर येऊन हसत होत्या.

छाया वळली. फळीवर लाल, पिवळा, निळा. तिन्ही.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. सावळीराम शब्दाला जागला, माणसं न मिळताही आला, असंच तिला वाटलं. तिने गोणपाट काढलं, गोधड्या काढल्या, मोटरीला हात जोडले. दारात डबेवाले जमायला लागले होते. नाथाही होता, मागे, हाताची घडी घालून, गालात हसत. गायधनी काकू भाजणीचा डबा पोटाशी धरून.

छायाने कळ दाबली.

मोटर फिरली नाही. हुंकारली. जड, खालच्या आवाजात, दात आवळून कण्हावं तशी, आणि पट्टा जागचा हलला नाही. अठरा वर्षं तो आवाज सुरू होताना तिने ऐकला होता. हा तो नव्हता. डोळे फळीवर गेले, तिन्ही बल्ब पेटलेले. पण तिने डोळ्यांचं ऐकलं नाही. तिने मेन स्विचवर अख्खं अंग टाकलं आणि तो खाली ओढला.

त्याच क्षणी पलीकडच्या डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, ‘धप्प’ असा आवाज झाला. फ्यूज उडाले. टीव्ही गेले, पाण्याच्या मोटरी गेल्या, भागुबाईचा बल्ब गेला. सगळी गल्ली एका फटक्यात काळीठिक्कर.

मग अंधारात एक बारीक वास आला. मोटरीच्या तारांवरच्या तापलेल्या लाखेचा.

“सावळीराम आलेलाच नव्हता,” छाया सावकाश म्हणाली. “आला असता तर असं झालं नसतं. कोण चढलं खांबावर?”

कोणीतरी बॅटरी लावली. उजेड फिरत फिरत समोरच्या खांबावर गेला. खांबाला शिडी टेकवलेली होती. पेंटरकाम करणाऱ्या काळूची, रंगाचे डाग असलेली.

“वहिनी,” नाथा म्हणाला, “मी आपलं... म्हटलं तुमचं काम होऊन जाईल. दुसऱ्या फेजवरनं तिसरीला एक तुकडा जोडला. बल्ब तर लागले ना सगळे?”

“बल्ब लागले! अरे एकच फेज दोन ताटांत वाढलीस आणि मला म्हणतोस पंगत बसली! मोटरीला तीन वेगळ्या फेज लागतात, कळतं का तुला? कंपनीत चालवतोस म्हणे! काय चालवतोस तिथं, रजिस्टर?”

“त्याला बोलू नकोस,” अंधारातून गायधनी काकूंचा आवाज आला. जरा वेगळाच, मुख्याध्यापिकेचा नव्हे. “मीच म्हटलं त्याला. म्हटलं, काहीतरी कर बाबा, उद्या मुलगा जातोय.”

छायाला ओरडायचं होतं. तिने चाचपडत जाऊन मोटरीवर उलटा हात ठेवला. कढत होती. आतून जळाली की नुसती भाजली, हे आता लाइट आल्याशिवाय कळणार नव्हतं. त्या एका क्षणात बारा दिवस, खंडेरावचा चेहरा आणि दारावर ‘गाळा भाड्याने देणे आहे’ची पाटी, सगळं तिला एकदम दिसलं.

“डबे उचला,” ती म्हणाली. “सगळे. आत्ताच्या आत्ता. उद्या सकाळी ज्याच्या हातात दोरी नायतर करवत दिसंल, त्याचाच डबा परत आत येईल.”

“आणि म्हाताऱ्यांनी काय आणायचं गं?” भागुबाईने विचारलं.

“तुम्ही चहा आणा, मावशी.”

रविवारी सकाळी आठला कोपऱ्यावर एवढी माणसं जमली की झाड दिसेना. शनिवारी ज्यांची पाठ धरली होती तेही आले. आता सगळ्यांकडे सारखाच अंधार होता ना! छाया सावळीरामला घेऊन आली. त्याने खांबावर चढून नाथाने जोडलेला तुकडा काढला, खाली आला आणि तो सगळ्यांच्या नाकासमोर धरला.

“ही तार तुटलीय, तिचं दुसरं टोक खाली फांद्यांत लोंबतंय. काल संध्याकाळी ते जिवंत होतं. शेळी आली असती, पोरगं आलं असतं, तर आज झाड नसता ओढत तुम्ही, खांदा देत असता. कोणाचं काम हे?”

चाळीस माणसांनी एकाच वेळी नाथाकडे बघितलं.

“या साहेब,” सावळीराम म्हणाला. “तुम्ही डीपीपाशी उभं राहायचं. मी खाली येऊन सांगेपर्यंत कोणाला त्या पेटीला बोटसुद्धा लावू द्यायचं नाही. आणि तो टेस्टर आधी इकडं द्या.”

नाथा साडेचार तास उन्हात उभा होता. त्याची बायको दोनदा चहा घेऊन आली, तर तो तिलाही पेटीच्या जवळ येऊ देईना.

निलगिरी दिसते शिडशिडीत, पण ओली असली की दगड. मळेकऱ्यांनी कुऱ्हाडी आणल्या आणि मोटेचे जुने सोल, म्हणजे जाडजूड दोर, आणले. इमारतीवाल्यांनी सूचना आणल्या. अर्ध्या तासाने त्यांनाही दोर धरावा लागला. मयुरेश एक करवत घेऊन बसला होता. त्याच्या तळहाताला फोड आले आणि गायधनी काकू दर दहा मिनिटांनी, “पुरे रे, रात्री प्रवासात बॅग कशी उचलशील,” म्हणत होत्या. तो ऐकत नव्हता. छायाला तो पहिल्यांदाच बरा मुलगा वाटला.

दुपारी दीडला तिसरी तार जोडली गेली. फ्यूज बसले. नाथाला सुट्टी मिळाली. गल्लीत पुन्हा ‘आली! आली!’ झालं. पण या वेळी कोणी डबा घेऊन धावलं नाही. सगळे गिरणीच्या दारात मुकाट उभे राहिले.

तीन बल्ब पेटले होते. छायाने त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

“सावळीरामदादा, तुमच्या हातानं तपासून सांगा. मला आता बल्बांचा भरवसा नाय.”

सावळीरामने तिन्ही तारा एकमेकींशी तपासल्या. “तीन आहेत. वेगवेगळ्या,” तो म्हणाला.

तिने आधी मोटरीवरचा पट्टा उतरवला. मोटर मोकळी केली. दगडांचं ओझं नको, एकटी फिरते का बघायचं. कळीवर बोट ठेवलं. मागून कोणी तरी म्हणालं, “दाबा वहिनी.” तिने मागे न बघता सांगितलं, “गप बसा.”

आणि दाबली.

एक गचका. मग तो आवाज, बारीक, चढत जाणारा, स्वच्छ. भाजलेल्या धुळीचा वास आला, धूर आला नाही. छाया दहा मिनिटं तशीच तिच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. मोटर कोमट झाली आणि कोमटच राहिली. मग तिने पट्टा चढवला. दमट दगडांत घरची दोन शेर ज्वारी घातली. पहिलं पीठ गोळे गोळे, मातकट आलं. ते गाईसाठी पोत्यात टाकलं.

“आता बाजरी,” ती म्हणाली. “आधी अंधारातल्या तेरा घरांची. भागुबाईमावशी, पिंप आणा.”

“पण मयुरेशची गाडी आठला—” गायधनी काकू म्हणाल्या.

“सहाला देते काकू. भाजणी शेवटीच.”

काकू डबा सावरून भागुबाईच्या शेजारी पिंपावर टेकल्या. थोड्या वेळाने छायाला दिसलं की भागुबाई त्यांना बाजरीचं पीठ चिमटीत देऊन वास घ्यायला सांगतेय, आणि काकू घेतायत.

पाचच्या सुमारास दारात टेम्पो थांबला. खंडेराव उतरला. चार दिवसांची दाढी, कपड्यांना चिखल. गर्दी, पत्रा नसलेलं छप्पर, सगळं बघत तो आत आला. शिंका आल्या. सातवी शिंक संपल्यावर त्याने हवा हुंगली आणि त्याचा चेहरा बदलला.

“जळाल्याचा वास येतोय.”

“येतोय,” छाया म्हणाली. तिने लपवलं नाही. काल काय झालं ते पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून चार वाक्यांत सांगितलं. नाथा तेवढ्यात बाहेर सटकला.

खंडेराव पुढे आला. त्याने मोटरीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तो काय म्हणणार हे तिला माहीत होतं. त्यामुळे तीच आधी म्हणाली, “चालू हाय. आणि ती चालू असेस्तोवर मी इथून हलायची नाय. गाळ्याचं नाव पुन्हा काढायचं नाय.”

दारातली माणसं आपापल्या डब्यांकडे बघायला लागली.

“मी कुठं काही बोललो?” खंडेराव म्हणाला. त्याने खिशातून रुमाल काढून नाकावर बांधला, नेमका उलटा, गाठ पुढे. “पुढचा डबा कोणाचा?”

“माझा,” गायधनी काकू उठल्या. “आणि खंडेराव, जरा बघून. भाजणी रवाळ हवी हं, अगदी पीठ नको. मागे एकदा हिने मैदा करून दिला होता.”

छायाने मोटरीवरचा हात काढला नाही. “काकू,” ती म्हणाली, “आणा तो डबा.”